पाच एमबीत ताई

तीन मिनिटांचा व्हिडिओ पाच एमबीत बसवून पाठवा, असं ज्या माणसानं ठरवलं तो मला आजवर भेटलेला नाही, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरंच आहे. मी त्याला एकच विचारणार होते, की बाबा रे, तू कधी कुणाला हातांनी बोलताना पाहिलं आहेस का? पाहिलं असतंस तर पाच हा आकडा तुझ्या डोक्यात आलाच नसता.

माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी आहे. कर्णबधिर हा सरकारी शब्द तिला आवडत नाही. एवढा लांब शब्द बोटांनी दाखवेपर्यंत समोरचा जांभया द्यायला लागतो, असं तिचं म्हणणं. ती खुणांच्या भाषेत बोलते. पुष्कळ लोकांना वाटतं ते म्हणजे ‘पाणी दे’, ‘जेवण झालं’ एवढ्यापुरते हातवारे. अजिबात नाही. त्या भाषेत टोमणे मारता येतात, शेजारणीची नक्कल करता येते, देव आहे की नाही यावर वाद घालता येतो. भांडणात आपण हरतोय असं दिसलं की ताई सरळ डोळे मिटून घेते. मग मी कितीही हात नाचवले तरी काय उपयोग?

आम्ही पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. वडिलांच्या वाटणीचं शेत बिल्डरला गेलं, आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी राहायचो: आई, ताई आणि मी. वडील इमारत पुरी व्हायच्या आधीच गेले. मी खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका दिवसभर शोधायच्या. तुझ्या स्वभावाला जुळणारी नोकरी मिळाली, असं आई म्हणायची. ताई हडपसरला एका कारखान्यात खोक्यांवर लेबलं चिकटवायची. तिथं तिला सगळे फार चांगलं वागवायचे, म्हणजे कुणी तिच्याशी बोलायचं नाही.

अशात एक दिवस तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा एसेमेस आला, की बहिऱ्या माणसांना खुणांच्या भाषेचे शिक्षक म्हणून तयार करणारा एक अभ्यासक्रम पुण्यातच सुरू होतोय. जागा थोड्या आहेत, अर्ज ऑनलाइन. ताईनं तो मेसेज मला दाखवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ती ज्या शाळेत शिकली तिथं मुलींना हात मागे बांधून बसवायचे. हात वापरले तर बोलायला शिकणार नाहीत म्हणे. बाईंच्या ओठांकडे बघायचं आणि तसे ओठ हलवायचे. दहा वर्षं तिनं हेच केलं आणि शाळेत खरं शिक्षण झालं ते मधल्या सुट्टीत, संडासामागच्या भिंतीपाशी, जिथं मुली एकमेकींशी हातांनी बोलायच्या. तिला बहिऱ्या मुलांना वर्गात, उजेडात, हात मोकळे ठेवून शिकवायचं होतं. एवढंच. दुसरं काही तिनं आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही.

अर्जासोबत व्हिडिओ हवा होता. उमेदवारानं स्वतःच्या भाषेत, तीन मिनिटं, स्वतःबद्दल सांगावं. इथपर्यंत कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिलं असावं. त्याखाली दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं: फाइल पाच एमबीपेक्षा मोठी नसावी.

त्या वेळी फोनवर निघणारा व्हिडिओ म्हणजे धुक्यातून बघितल्यासारखा. म्हणून आम्ही हडपसर गाडीतळाजवळच्या एका फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाले काका लग्नाचं शूटिंग करणारे. त्यांनी ताईला स्टुडिओत घेतलंच नाही, म्हणाले बाहेर नॅचरल लाइट येतोय, आणि आम्हाला मांजरीच्या रस्त्याला एका उसाच्या फडासमोर नेऊन उभं केलं. ताईनं आईच्या हट्टानं बारीक चौकड्यांची, जरीच्या काठांची साडी नेसली होती. काकांनी कॅमेरा खांद्यावर घेऊन तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. मी म्हटलं, काका, एका जागी उभे राहा. ते म्हणाले, “तुम्ही टेन्शन नका घेऊ. मिक्सिंग एक नंबर करून देतो.”

मिक्सिंग त्यांनी मनापासून केलं. सुरुवातीला दोन गुलाब उमलत होते. त्यातून ताई प्रकट झाली. मागे सनई. ताईचे हात वर आले आणि एकदम संथ झाले, कारण काकांनी तिथं स्लो मोशन टाकलं होतं. नवरीचे मेंदीचे हात ते नेहमी असेच दाखवतात. “हात फार सुंदर चालतात हो तुमच्या बहिणीचे,” ते कौतुकानं म्हणाले. मधेच तिचा डावा हात एका बदामाच्या आकाराआड गेला. ती ‘माझ्या शाळेत’ म्हणत होती आणि पडद्यावर पाकळ्या पडत होत्या. ताई हे सगळं शांतपणे बघत होती. मग तिनं मला विचारलं, “नवरा कुठे आहे?”

काकांचा मला राग आला नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे बोलणं आहे. मी त्यांच्याकडून मूळ शूटिंग मागून घेतलं. ते तीनशे एमबीच्या पुढे होतं.

तीनशेचं पाच करायचं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फाइल लहान करणारा कन्व्हर्टर लावला, आकडा टाकला, आणि जे बाहेर आलं त्यात उसाची पानं स्वच्छ दिसत होती, साडीच्या चौकड्याही ओळखू येत होत्या, आणि ताईच्या मनगटांपुढे फक्त एक करडा धूर होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मला समजावलं: व्हिडिओत जे स्थिर असतं ते फुकटात जातं, जे हलतं ते जागा खातं. जागा कमी दिली की सगळ्यात आधी जोरात हलणारी गोष्टच पुसट होते. वाऱ्यावर हलणाऱ्या एकेका पानानं ताईच्या बोटांची जागा खाल्ली होती. तो म्हणाला, “सिंपल आहे, फ्रेम रेट कमी कर. सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, आठ कर.” मी केलं. बोटं स्पष्ट झाली, पण एका खुणेवरून तिसऱ्या खुणेवर उडी मारायला लागली, मधली गायब. वाक्यातले निम्मे शब्द खाऊन टाकल्यावर जे उरेल ते उरलं. त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, “चेहरा तरी क्लिअर आहे ना? मग काय प्रॉब्लेम आहे?”

प्रॉब्लेम तोच होता. पाच एमबीचा नियम करणाऱ्या माणसाच्या मनात बोलणारा माणूस म्हणजे खुर्चीवर बसलेला, मान स्थिर, फक्त ओठ हलताहेत. असा माणूस पाच एमबीत आरामात मावतो. वर आवाज पण मावतो. बहिऱ्यांच्या अभ्यासक्रमाला अर्ज मागवताना त्यांनी बोलणाऱ्यांचं माप लावलं होतं, आणि त्यात न मावणं ही आमची चूक ठरणार होती.

मी घरी येऊन ताईला म्हटलं, जरा हळू बोल ना कॅमेऱ्यासमोर. हात लहान ठेव, छातीजवळच. मग धूर होणार नाही.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता डोळे मिटून घेणार. मिटले नाहीत. ती म्हणाली, “तू ऑफिसात इंटरव्ह्यूला गेलीस तेव्हा तुला कुणी कुजबुजत बोल म्हणालं होतं?”

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आम्ही दोघींनी दोन दिवस सुट्टी टाकली आणि हळूहळू शहाण्या झालो. हात कमी करायचे नाहीत, बाकीचं सगळं कमी करायचं. ऊस नको, झाडं नकोत, गच्ची नको. हॉलमधल्या पांढऱ्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, खिळासुद्धा उपटला. पंखा बंद, कारण पडदा हलायचा. चौकड्यांची साडी जाऊन साधा गडद निळा कुडता आला, म्हणजे त्यावर हात उठून दिसतील. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा कॅमेरा आणि ट्रायपॉड आणला, दोन्ही खिडक्या उघडून भरपूर उजेड घेतला. चित्राची लांबी-रुंदी निम्म्याहून कमी केली, पण सेकंदाची पंचवीस चित्रं तशीच ठेवली. आणि आवाजाचा भाग तर मी पूर्णच काढून टाकला. त्याची इथं गरज कुणाला होती? तो काढल्यावर जी जागा सुटली ती सगळी हातांना दिली.

ताई भिंतीसमोर उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या वेगानं, पूर्ण हात पसरून बोलली. शाळेबद्दल, संडासामागच्या भिंतीबद्दल, तिथं एका लहान मुलीला तिनं पहिल्यांदा आकाश, ढग आणि पाऊस यांतला फरक कसा सांगितला त्याबद्दल. फाइल तयार झाली ती पाचच्या थोडी आत. चित्र एवढंसं होतं, पण प्रत्येक बोट दिसत होतं. ताईनं ते तीनदा पाहिलं आणि माझ्या गालाचा चिमटा घेतला.

घरी नेट म्हणजे डोंगल. तो आमच्याकडे फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत चालायचा, तेव्हा लॅपटॉप ओट्यावर, आईच्या परातीशेजारी. निळी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली आणि लाल अक्षरं आली. फाइल स्वीकारता येत नाही. आवाज आढळला नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग ताईला वाचायला दिलं, कारण माझे हात रागानं नीट चालत नव्हते. खाली मदतीसाठी एक नंबर होता. बहिऱ्या उमेदवारांनी अडचण आल्यास फोन करावा, असं लिहिलेलं. मी स्पीकर लावून केला.

पलीकडच्या बाई अतिशय सभ्य होत्या. “मॅडम, व्हिडिओला ऑडिओ लागतो. त्याशिवाय सिस्टीम घेत नाही.”

“अर्जदार बहिरी आहे. तुमचा कोर्स बहिऱ्यांसाठी आहे. ती हातांनी बोलते.”

“हो, ते बरोबर आहे मॅडम. पण सिस्टीम सगळ्या कोर्सेसना एकच आहे.”

“मग मी काय करू?”

“काहीही चालेल. मागे गाणं लावा एखादं. नाहीतर तुम्ही बोला ना त्यांच्यावतीनं. पुष्कळ पालक तसंच करतात.”

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

आई भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. आईचं बोलणं अजून गावचं. ती म्हणाली, “मी बोलते की. एवढं काय त्यात? लहानपणापास्नं मीच बोलत आलेय तिच्या जागी. दवाखान्यात मीच, शाळेत मीच.”

मी ते ताईला सांगितलं. ताईनं मान हलवली. “अर्ज माझा आहे. मधे आई नको. तू पण नको.” मग गाणं? गाणंही नको. सनईनं तिचं मन भरलं होतं. मग तिनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आवाज पाहिजे ना त्यांना? माझ्याकडे आहे.”

आहेच. ती बहिरी आहे, मुकी नाही. शाळेत बाईंनी गळ्याला हात लावून लावून तिच्याकडून अक्षरं काढून घेतली होती. पण लहानपणी एकदा बसमध्ये ती आईला काहीतरी सांगताना मोठ्यानं आवाज निघाला, आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या, आणि आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. आईचंही काय चुकलं म्हणा, तिला बसमध्ये सगळ्यांच्या नजरा एकटीला झेलायच्या होत्या. त्यानंतर, मोठी झाल्यावरही, ताईनं कधी आवाज काढला नाही. हसतानासुद्धा ती ओठ घट्ट मिटून हसायची.

आम्ही पुन्हा भिंतीसमोर गेलो. आवाजाला जागा द्यायची म्हणजे हातांच्या जागेतून काढून द्यायची. मी शक्य तेवढी कमी दिली. ताई बोलायला लागली, हातांनी आणि आवाजानं एकदम. शब्द कळत नव्हते. आवाज जाड होता, छातीतून येणारा, कुठे उंच जायचा, कुठे एकदम तुटायचा. तिला स्वतःला तो कसा लागतोय ते कळायला मार्ग नव्हता, आणि तरी ती थांबली नाही. ‘पाऊस’ म्हणताना तिची बोटं खाली आली आणि आवाजही खाली आला. मी कॅमेऱ्यामागे उभी होते आणि मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग येत होता. कुठल्यातरी सर्व्हरला एका रकान्यात बरोबरची खूण करता यावी म्हणून माझ्या बहिणीला हे करावं लागत होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिथूनच वळून ती गॅलरीत निघून गेली. मला वाटलं, लाज वाटली असेल. शेजारी ऐकतील म्हणून.

या वेळी सिस्टीमनं फाइल घेतली.

पंधरवड्यानं मुलाखतीला बोलावणं आलं. मी ताईबरोबर गेले. समोर तिघं जण होते. दोघं स्वतःच बहिरे, मुख्य परीक्षक त्यांतलेच, आणि तिसऱ्या ऐकू येणाऱ्या बाई. ताईचं आणि त्या मुख्य गृहस्थांचं बोलणं इतक्या वेगात चाललं की मला निम्मंच कळलं. कळलं त्यात एवढं होतं, की तुझे हात स्पष्ट दिसले म्हणून तुला बोलावता आलं. बऱ्याच जणांचे व्हिडिओ धूर होऊन आले होते. कुणी अकोल्याहून, कुणी वर्ध्याहून पाठवलेले. ते काय म्हणतात ते वाचताच आलं नाही, म्हणून त्यांना बोलावलं नाही. त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्या धुरामागे कोण कोण उभं होतं आणि काय सांगत होतं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. त्यांच्या घरात कन्व्हर्टरशी झुंजणारी बहीण नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा.

निवड झाल्याचं त्यांनी ताईला तिथंच सांगितलं. मला आनंद झाला, पण मला शांत बसता येत नाही. निघताना मी त्या ऐकू येणाऱ्या बाईंना विचारलं, व्हिडिओतला आवाज तुम्हाला कसा वाटला?

“आवाज? तो आम्ही बंद करूनच बघतो,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ जणांनी गाणी लावलेली असतात हो. फार लक्ष विचलित होतं.”

रिक्षात मी पूर्ण रस्ताभर धुमसत होते. स्वारगेटपासून हडपसरपर्यंत ताईला सांगत होते, की तुझा आवाज कुणी ऐकलाच नाही, मशीननं नुसतं तपासलं, आहे की नाही एवढंच, आणि मी उद्या जाऊन त्या लोकांना चांगलं सुनावणार आहे. ताईनं सगळं बघून घेतलं. मग अगदी सहानुभूतीच्या चेहऱ्यानं म्हणाली, “तिघांतले दोघं बहिरे आहेत गं. त्यांना कसली सुनावतेस?”

घरी आलो. आई पेढे आणून बसली होती. निवड झाली हे ऐकून तिनं आधी देवापुढे एक पेढा ठेवला, मग ताईच्या तोंडात एक घातला. मी मात्र बूट काढता काढता पुन्हा सुरू झाले, की आई, एवढं करून तो आवाज कुणी ऐकलासुद्धा नाही. कुणी म्हणजे कुणी नाही.

आई म्हणाली, “मी ऐकला की.”

मग पेढ्यांच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत, मान खाली घालून म्हणाली, “अगदी तिच्या बापाचा आवाज हाय. त्यो असाच बोलायचा, छातीतनं. मला वाटलं आत त्योच बोलतोय. म्हनून मी गॅलरीत गेले.”

ताईला आईचे ओठ दिसत नव्हते. तिनं माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि विचारलं, आई काय म्हणाली? मी सांगितलं. ती आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, परत सांग. आणि मी परत सांगितलं, या वेळी हळू, मोठे हात करून.